भिंतीवरचा जाळ

६ डिसेंबर, शिरूर
कुरियरने आलं — विजेचा हीटर एक, भिंतीला टांगायचा, काचेत खोटा जाळ दिसतो. आठ हजार चारशे! सोबत लोखंडी पट्टी, स्क्रू, रिमोट. आमच्या विश्वजीतने पुण्याहून त्याच्या आजीसाठी पाठवला. गेल्या थंडीत सासूबाई कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, दार लावून निजल्या. बेशुद्ध सापडल्या. बिरोबाने राखलं. इनामगावच्या सोजरावन्सं तेव्हाच म्हणाल्या, "पुन्हा शेगडी पेटली तर आईला मी नेणार." सासूबाईंना हे घर सोडायचं नाही.

८ डिसेंबर
वायरमन सत्तारभाई आले. भिंत ठोकून पाहिली. "ताई, नुसत्या गिलाव्यात धरणार न्हाई. विटेत भोक घेतो." खाटेपासून, पडद्यापासून तीन हात लांब. मी म्हटलं, आहे त्या बोर्डावरच जोडा ना. "दोन हजार वॅट हाय. बोर्ड वितळला की मलाच शिव्या घालाल!" शेवटी जाड वायर, वेगळा पॉईंट. पट्टीला स्वतः लोंबकळले, मग हीटर टांगला.
सासूबाई — "ह्याच्यावर भाकरी भाजंल का?"
"मावशी, हात लावला तर तुम्हीच भाजाल."

९ डिसेंबर
फ्रीजसारखं हीटरलाही कव्हर शिवलं. जुनी साडी, आत गोधडीचं अस्तर. धूळ बसायला नको. कडाक्याची थंडी पडेपर्यंत झाकलेलाच राहू दे.

२२ डिसेंबर
दुपारी भजनाहून आले तर खोलीत धूर! करपल्याचा वास! सासूबाई ओसरीवर बसलेल्या. खाटेखाली शेगडी. "म्या शेगडीला हात बी लावला न्हाई गं. त्या हीटरचं बटन दाबलं, ऊब आलीच न्हाई, बंद केलं." हे म्हणाले, आईचं ऐकून तर घे. मी ऐकलं नाही. वन्संना फोन केला.

२३ डिसेंबर
वन्सं गाडी घेऊन आल्या. सासूबाईंनी देव्हाऱ्याला हात जोडले. गाडीत जाऊन बसल्या.

२९ डिसेंबर
कव्हर धुवायला काढलं. आतलं अस्तर वीतभर जळालेलं.
फोनवर बोलायचा धीर नाही. पत्र टाकलं —
"वन्सं, शेगडी पेटलीच नव्हती. हीटर माझ्या कव्हरात कोंडला होता. सासूबाईंनी बंद केला म्हणून घर राहिलं. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मी न्यायला येऊ का? त्या काय म्हणतात ते उलट टपाली कळवा."