कात्रीचा खिळा

६ मार्च

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आम्ही दोघं आणि होडी, तिघंही खुशाल. निघून आज दोन महिने झाले. तुझ्या बाबांनी तीस वर्षं बस चालवली, ती अजून अंगातून गेलेली नाही. केबिनच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलंय: अमुक बंदर, दहा चाळीस. काल भर समुद्रात वारा पडला तर हे घड्याळ बघत बसले, जणू थांब्यावर प्रवासी खोळंबलेत! सुकाणू मात्र आता मीही धरते, आणि चांगलं धरते.

बँडच्या बावीस कोटांचं कापड आता येईलच. मापं दुकानातल्या माझ्या वहीत आहेत. एक एप्रिलला पोचून मीच बेतीन, तू कापडाला हात लावू नकोस. अस्तर तेवढं भिजवून वाळवून ठेव.

आहे तो लोभ पुढच्या बंदरापर्यंत पुरवून वापरावा.

तुझी आई

१७ मार्च

ती. आईस,

सा. न. वि. वि. बाबांनाही नमस्कार.

कापड आलं. धार लावून ठेवावी म्हणून तुझी मोठी कात्री खिळ्यावरून काढायला गेले, तर नुसती गवसणी हाताला लागली. चोरी झाली असं वाटून मी दुकान पालथं घातलं. मग डोक्यात प्रकाश पडला. बाईसाहेबांची कात्री समुद्रावर हवा खायला गेलीय!

होडीवर दोऱ्या कापायला सुरी चालत नाही का? अकरा वर्षं मी तुझ्या शेजारी बसून शिवतेय. बेतायची तू, शिवायची मी. माझ्या हातावर विश्वास नव्हता तर तोंडावर सांगायचंस. बँडमास्तर रोज डोकावून बाई कधी येणार म्हणून विचारतात. तीस एप्रिलला त्यांची स्पर्धा आहे. कोट झाले नाहीत तर बावीस माणसं साध्या शर्टांत उभी राहतील आणि आपल्या दुकानाची अब्रू जाईल.

रागावले असले तरी लोभ तसाच आहे.

ठकी

२९ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

आम्हाला काही झालेलं नाही, हे आधी वाच. तुला दिलेली तारीख चुकू नये म्हणून बाबांनी दोन दिवस थांबा असं सांगणाऱ्या कोळ्याचं ऐकलं नाही. अर्ध्या वाटेत वादळाने गाठलं आणि मोठं शीड वरपासून खालपर्यंत फाटलं. छोट्या शिडावर कसंबसं या बंदरात आलो. गेले चार दिवस मी धक्क्यावर बसून शीड शिवतेय. फाटक्या कडेवर टाका धरत नाही, म्हणून धड कापड लागेपर्यंत कापत गेले आणि मग ठिगळ लावलं. बाबांनी जन्मात पहिल्यांदा सुईत दोरा ओवला. दहा वेळा चुकले, पण अकराव्यांदा असे हसले की बघत राहावं.

एक तारखेला आम्ही पोचत नाही, महिनाभर तरी नाही. समुद्रावर असताना कोणाला तारीख द्यायची नाही, एवढं शिकलो.

कात्रीचं तू लिहिलंस ते खरं आहे. दोऱ्यांसाठी नेली हे मी स्वतःलाही सांगत होते. तू बेतशील आणि माझ्यावाचून दुकान चालेल, याची मला भीती वाटली. चुकलं माझं. नवी कात्री घे आणि बेत. मापं वहीत आहेत.

माझ्यावरचा लोभ फाटला असेल तर मी येईपर्यंत टाचून ठेव.

आई

२ मे

ती. आईस,

सा. न. वि. वि.

कात्री घेतली. पहिल्या कोटावर खडूने आखलं आणि तासभर तशीच उभी राहिले. मग वाटलं, ही माणसं हात खाली सोडून थोडीच वाजवतात? बावीसही जणांना वाद्यं घेऊन बोलावलं आणि वाजवताना पुन्हा मापं घेतली. दुकानात असा गदारोळ की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन पळत आला. ढोलवाल्याला पाठीत दोन बोटं जास्त लागली, लांब पितळी कर्णेवाल्याला उजव्या बगलेत. तुझी वही बाजूला ठेवावी लागली, रागावू नकोस.

स्पर्धेत हात वर गेले, पण एकाचाही कोट वर चढला नाही. बँडचा दुसरा नंबर आला. बँडमास्तर म्हणाले की कोटांचा पहिला. हा हात कोणाचा, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझा.

सावकाश या.

तुमची ठकी

११ मे

चि. ठकी मास्तर यांस आईचा नमस्कार. आशीर्वाद आहेतच.

तुझं पत्र मी बंदराच्या कचेरीत मोठ्यांदा वाचलं. ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही ऐकवलं. बाबांनी वेळापत्रक काढून त्याच्या मागे तुझी वाक्यं उतरवली आणि तेच भिंतीवर लावलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात.

तीस वर्षं मी माणसांना हात खाली सोडून उभं केलं आणि मापं घेतली. हातात वाद्य देऊन माप घ्यावं, हे मला एकदाही सुचलं नाही. तुला सुचलं. मला तुझा फार अभिमान वाटतो गं.

खाऱ्या हवेने माझ्या कात्रीची धार गेली. तिचं मला वाईट वाटत नाही, शीड तिनेच वाचवलं. आम्ही पोचू तेव्हा पोचू. तोवर एक काम कर. माझ्या खिळ्यावर तुझी कात्री टांग, आणि माझ्या कात्रीसाठी त्याच्या खाली दुसरा खिळा ठोकून ठेव.

तुझी आई