तुंगाच्या हनुवटीइतक्या उंचीवर

१९ जानेवारी, रविवार

गेलो. शेवटी गेलो! पंच्याहत्तरी उलटल्यावर, आणि बोलावणारी गेल्यावर.

सुप्रीता सहालाच गाडी घेऊन दारात. आमच्या लेकीच्या, तुंगाच्या कॉलेजात शिकवते, दोघींची टेबलं शेजारी होती. मराठी घरातली पोर, पण मराठी जेमतेम शंभर शब्दांचं, बाकी कन्नड-इंग्रजीची ठिगळं. "अंकल, स्वेटर घ्या. तिथं झाडाखाली थंडी कडक्क असते, अल्वा?" आमची ही, जयलक्ष्मी, दारापर्यंत आली नाही. डबा मात्र ओट्यावर बांधून ठेवलेला होता.

हुणसूरच्या पुढं ते वळण आलं. दोघंही दुसरीकडे बघत राहिलो. पिरियापट्टण गेलं. बैलकुप्पे यायच्या आधी डावीकडे आत चार मैल— मत्तीकोप्पल. गावामागं देवीचं रान, नऊ एकर. इथली काडीसुद्धा कुणी घरी न्यायची नाही, असा नेम. फांदी पडली की पडेल तिथंच कुजते. पाय ठेवला तर मऊ— गादीच!

तुंगानं दहा वर्षांपूर्वी या रानातलं झाड न् झाड मोजलं. तीनशे अठरा. प्रत्येकाला पत्र्याचा नंबर. दर पाच वर्षांनी पुन्हा घेर मोजायचा, म्हणजे रान वाढतंय की खंगतंय ते कळतं. दोन मोजण्या तिच्या हातच्या. तिसरी या वर्षी व्हायची होती. तुंगा अडीच वर्षांपूर्वी आषाढात गेली. स्कूटर, पाऊस, लॉरी, ते वळण. एवढंच लिहवतं.

"अप्पा, एका रविवारी चला की!" किती वेळा म्हणाली. मी म्हणायचो, येतो, पुढच्या रविवारी. मला काय ठाऊक होतं रविवार मोजून मिळतात म्हणून. माझं अरण्य चौथीच्या मराठी पुस्तकात होतं. लष्कर मोहल्ल्यातल्या त्या एकखोली शाळेत गुरुजी डोळे मिटून कविता म्हणायचे आणि आम्ही दहा-बारा पोरं कधी न पाहिलेल्या झाडांच्या सावलीत बसायचो. पुढं चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, ओठांवर त्याच ओळी. खऱ्या झाडाला हात लावून 'तू कोण?' असं कधी विचारलं नाही.


२० जानेवारी

काल थकून झोपलो, मुख्य गोष्ट लिहायची राहिली. गावाला रानाच्या पूर्व अंगाला समुदाय भवन बांधायचंय. लग्नकार्याला. २३ फेब्रुवारीला देवळात सभा आहे. सुप्रीताचं म्हणणं, त्याआधी मोजणी पुरी करून गावापुढं ठेवली, तर लोक विचार करतील. नाही तर पूर्वेची झाडं गेली.

मी म्हणालो, मी मोजतो.

"तुम्ही? ज्योक करताय अंकल?"

ज्योक नाही.


२६ जानेवारी

आज चांगलीच फजिती झाली. सुप्रीता म्हणाली, "टेप हनुवटीला लावायची आणि झाडाभोवती फिरवायची. तुंगा तसंच करायची. उंची धरायची काठी विसरायची ना ती, मग म्हणायची, माझी हनुवटीच काठी!" मी निष्ठेनं वीस झाडं मोजली. एक नंबर, मत्ती— तिच्या वहीत घेर १८७ सेंटिमीटर. माझं आलं १८०. दोन नंबर— तिचं १४२, माझं १३६. वीसच्या वीस झाडं पाच वर्षांत बारीक!

"अय्यो, डायटिंग केलं काय यांनी?" सुप्रीता हसली. मग माझ्याकडे नीट बघितलं, आणि हसू गेलं.

"अंकल... तुमची हनुवटी नव्हे. तिची."

मी पाच फूट नऊ. ती चांगलीच ठेंगणी. वर वर झाड निमुळतं होतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. वीस झाडं फुकट गेली. परतीच्या वाटेवर मला एकदम आठवेना— ती नक्की कुठवर यायची माझ्या? एक्केचाळीस वर्षं घरात वावरलेली मुलगी!


२७ जानेवारी

जयलक्ष्मी तांदूळ निवडत होती. विचारावं की नाही? तिनं दोन वर्षांत तुंगाचं नाव घेतलेलं नाही. तेराव्या दिवशी मला एवढंच म्हणाली होती, "तुमच्या कवितांनीच तिला रानाचं वेड लावलं." त्यानंतर आमचं बोलणं म्हणजे गॅस, औषध, दूधवाला.

तरी विचारलं. तिची उंची किती होती गं?

ती उठली. सूप बाजूला ठेवलं, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "माझ्याएवढी. एक बोटभर कमी." मग आपल्या हनुवटीखाली बोट ठेवलं— "इथं."

मी जमिनीपासून मोजलं. एकशे तीस. सुप्रीताला फोन केला. म्हणाली, पुस्तकात पण घेर मोजायची उंची तेवढीच आहे अंकल, एकशे तीस, सगळ्या जगात तेवढंच.

जयलक्ष्मी पुन्हा तांदूळ निवडायला बसली. ती हनुवटी मी पन्नास वर्षं बघतोय.


२ फेब्रुवारी

काठी केली. एकशे तीसवर लाल दोरा बांधला. आज एकसष्ट झाडं! मी टेप धरतो, सुप्रीता वहीत लिहिते. एक नंबरचं आलं १९३. वाढलंय. मी त्या मत्तीच्या सालीवर थाप मारली— शाबास!

तुंगाच्या वहीत कन्नड नावाशेजारी एक रकाना आहे. मराठी नावांचा. माझ्यासाठी केलेला. मत्ती म्हणजे ऐन. होन्ने म्हणजे बिबळा. नंदी म्हणजे नाणा. कवलु म्हणजे कुंभा. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, तिला देवनागरीची सवय कुठली! म्हणजे ज्या ऐनाची कविता मी तिला मांडीवर घेऊन म्हणायचो, तो हा— मगरीच्या पाठीसारखी साल असलेला! साठ वर्षं मी त्याला केळीसारखा गुळगुळीत समजत होतो.

अकरा ठिकाणी रकाना रिकामा आहे. तिथं फक्त लिहिलंय— "अप्पा?"


४ फेब्रुवारी

त्या अकरांपैकी एकाचंही नाव मला येत नाही.


९ फेब्रुवारी

गुडघा सुजला. जयलक्ष्मीनं तेल गरम करून आणलं, वाटी आदळून ठेवली. "म्हातारपणी झाडांना मिठ्या मारत फिरा!" पण डब्यात आज दोनाऐवजी चार पोळ्या होत्या, आणि सुप्रीतासाठी वेगळी चटणी.

काल शनिवारीही गेलो होतो, एकूण एकशे नव्वद झाली.


१६ फेब्रुवारी

पुरी झाली! तीनशे अठरापैकी तीनशे नऊ उभी. नऊ आपापली पडली, पडली तिथंच मातीला मिळताहेत. बाकी सगळी वाढलीत. शेवटचं झाड मोजून मी खाली पानांवर बसलो. पानगळ सुरू आहे, टप टप टप, जणू कुणी हळू हळू ताल धरलाय. सुप्रीता गाडीतलं पाणी आणायला गेली तेव्हा मी मोठ्यानं रडलो. रानात कुणी ऐकत नाही, हे एक बरं.

एकीकडे वाटलं, ती इथंच आहे म्हणावं. पण खोटं कशाला लिहू? नव्हती. झाडं होती, तिचे नंबर होते. ती नव्हती.


२३ फेब्रुवारी, सभा

सुप्रीताला परीक्षेची ड्यूटी लागली. एकटा गेलो. पिरियापट्टणपर्यंत बस, पुढं रिक्षा.

देवळाच्या मंडपात साठ-सत्तर माणसं. अध्यक्ष नरसिंहेगौडा. माणूस भला. मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. "पोस्टमेष्ट्रे, तुमचं दुःख आम्हाला माहीत आहे. तुमची मुलगी आमच्याही घरी जेवलेली आहे. पण आमचंही ऐका. आमच्या मुलींची लग्नं रस्त्यावर मांडव घालून होतात. गेल्या वर्षी पाऊस आला, पानं वाहून गेली, व्याही उपाशी परत गेले. शहराच्या हॉलचं भाडं आम्ही कुठून देणार?"

खरंच होतं ते. मी भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. यादी काढली. सात रात्री बसून सुवाच्य अक्षरात उतरवली होती— नंबर, नाव, तेव्हाचा घेर, आताचा घेर. वाचायला लागलो. कन्नडात, पण चाल गुरुजींची, प्रत्येक शब्द तोलून. एक, मत्ती, एकशे सत्त्याऐंशी होती, एकशे त्र्याण्णव झाली. सात, होन्ने, दोनशे चार होता, दोनशे अकरा झाला...

आधी खाकरणं-खोकणं, मागं दोघं-तिघं हसले. चाळीसपर्यंत गेलो तेव्हा सगळे गप्प. एक म्हातारी मधेच म्हणाली, "तो नंदी माझी सासू पुजायची." मग एकेक जण बोलू लागला. कुणी म्हणे, त्या झाडावरून मी पडलो होतो, कुणी म्हणे, त्याच्यावर मधमाश्यांचं पोळं असायचं. सगळी तीनशे नऊ वाचली. सव्वा तास. घसा बसला. गौडांनी पंच्यानं डोळे पुसले. "आम्ही इथं जन्मलो, पोस्टमेष्ट्रे, पण आम्ही कधी मोजलं नव्हतं. ती पोर मोजून गेली."

निर्णय पुढं ढकलला. म्हणजे जिंकलोच की!

निघताना गौडा म्हणाले, "ही यादी देवळात ठेवून जाल?" दिली. आनंदानं दिली. दोन्ही हातांनी.


२४ फेब्रुवारी

सुप्रीताला सगळं सांगितलं. टाळ्या वाजवल्या तिनं फोनवर. मग विचारलं, "ओरिजिनल लिस्ट? कशाला दिली, अंकल?"

देवळात ठेवायला म्हणून मागितली, म्हणालो. पाठ आहे मला.

"सरी, ठीक आहे," म्हणाली. फोन ठेवला.


२ मार्च

जेवताना जयलक्ष्मी अचानक म्हणाली, "तुंगा तिथं कुठं बसून जेवायची?"

तुंगा! दोन वर्षं आठ महिन्यांनी. सांगितलं— बहात्तर नंबरच्या नंदीखाली, एक सपाट दगड आहे तिथं. सुप्रीतानं दाखवलाय.

"सावली असते काय?"

असते. असं म्हणून मी पाणी प्यायलो.


११ मार्च

आता रोज विचारते. आज विचारलं, सगळ्यात जाड कुठलं? उद्या काय विचारेल याची मी वाट बघतो. शाळेतल्या परीक्षेची अशी वाट कधी बघितली नव्हती.


३० मार्च, उगादी

कडुनिंब-गूळ हातावर ठेवताना म्हणाली, "मला न्याल?"

"कुठं?"

"कुठं म्हणे! रानात. मला मोजायचं-बिजायचं नाही. त्या दगडावर बसायचंय एकदा." मग डोळ्यांना पदर लावून, "कवितांचं मी तेव्हा बोलले. तसं नव्हतं ते, अहो. कुणावर तरी राग काढायचा होता."

म्हणालो, रागवायला मीच तर आहे. ती हसली. तुंगा गेल्यानंतर पहिल्यांदाच. सहा एप्रिलचा रविवार ठरवला. सुप्रीता गाडी आणते म्हणाली.

त्या अकरा रिकाम्या रकान्यांतली चार नावं मी शोधून काढलीत. वाचनालयात एक जुना वनस्पतिकोश आहे. बाकीची सात जयलक्ष्मीला झाडापुढं उभं करून सांगायचीत, तोवर शोधायला हवीत.


४ एप्रिल, शुक्रवार

नरसिंहेगौडांचा फोन आला. फार खुशीत होते. झाडं तोडायची वनखात्याची परवानगी मिळाली! "अर्जाला झाडवार यादी लागते पोस्टमेष्ट्रे. नंबर, जात, घेर. दोन वर्षं तेवढ्यासाठीच अडलं होतं, कोण मोजणार? तुमची जोडली. साहेब म्हणाले, इतकी स्वच्छ यादी आजवर बघितली नाही." पूर्वेची एकशे चार झाडं. पहिलं नंदीच, बहात्तर. सोमवारी सकाळी सुरुवात. आणि भवनाला तुंगाचं नाव द्यायचं, असं अख्ख्या गावानं एकमतानं ठरवलंय.

मी म्हणालो, फार उपकार झाले.

जयलक्ष्मी आतून विचारतेय, कुणाचा फोन? आणि रविवारी डब्यात काय करू?