माझ्या छपरावरचा लाल ठिपका

एल्डर क्रीक, ता. ४ मे

चि. थेल्मा हिस, ऑरिनदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझी दोन पत्रं आली आणि उत्तर आज लिहितोय, रागावू नकोस. जीव थाऱ्यावर नव्हता. माझा लेक गार्थ वारल्यावर पहिल्यांदाच कोरीन सूनबाई माझ्या नातीला, टेसाला, सुट्टीसाठी माझ्याकडे धाडणार होती. परवा तिचा फोन, की पोर येणार नाही. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांनी पोलिसांकडे आपला पत्ता नोंदवायचा असतो ना, त्यांचे लाल ठिपके काउंटीच्या इंटरनेटवरच्या नकाशावर असतात. त्यातला एक माझ्याच छपरावर आहे!

रस्क आठवतो? मागच्या खोलीतला भाडेकरू. पाच वर्षांपूर्वी गेला. पुढे कुठेतरी शेण खाल्लं, तुरुंगात गेला, आणि सुटल्यावर पत्ता माझा ठोकून दिला. कोरीनला हे सांगितलं तर म्हणाली, बाबा, नकाशावर विश्वास ठेवू की तुमच्यावर? पोलीस म्हणतात, दारोदार जाऊन पत्ते खरे का ते बघायला माणसंही नाहीत, पैसेही नाहीत. काउंटी त्यासाठी पैसे देतेय, पण आमच्या नगर परिषदेने ते घेतले पाहिजेत. येत्या मंगळवारी ठराव आहे. मी बोलणार! तीन मिनिटं मिळतात. माझं शिक्षण तुला ठाऊकच आहे. काय बोलू, लगेच कळव.

तुझा,
ऑरिनदादा

---

फर्न हॉलो, ता. ७ मे

ती. दादास, थेल्माचा शि. सा. न. वि. वि.

तीन मिनिटं तर तुला खाकरायलाच लागतात! टोपी काढ, ओरडू नकोस, आणि महापौरबाईंना ‘पोरी’ म्हणू नकोस. नुसतं आपल्या ठिपक्याचं रडगाणं गाऊ नकोस. कुणी दार वाजवून बघतच नसेल, तर ती नोंद म्हणजे गुन्हेगारांनी सांगितलेल्या थापा, एवढंच सांग. टेसाच्या काळजीने मलाही घास गोड लागत नाही. गोळ्या वेळेवर घे.

तुझी धाकटी,
थेल्मा

---

एल्डर क्रीक, ता. २९ मे

चि. थेल्मा हिस, अनेक आशीर्वाद.

अगं, पैसे मंजूर झाले! पण माझी फजिती ऐक. ज्यांना कुणाची हरकत नसते, असे ठराव ते सुरुवातीलाच एकगठ्ठा मंजूर करतात. मी कोट टांगत होतो तेवढ्यात आमचा ठराव पार! मी तरीही उठून बोललोच. महापौरबाई म्हणाल्या, ऑरिनआजोबा, तुम्ही जिंकलात, आता बसा.

काल डेलाक्रूझ नावाची तरुण पोलीस दारात हजर! मी तिला खोली दाखवली, तळघर दाखवलं, कपाटंसुद्धा उघडली. ती हसून म्हणाली, पुरे आता, तो पलंगाखाली मावणार नाही. संध्याकाळपर्यंत ठिपका गायब! कोरीनचा लगेच फोन, की शनिवारी टेसाला आणते. मी स्वयंपाकघरात चक्क नाचलो.

मग आठवलं. जाताना डेलाक्रूझ म्हणाली होती, की रस्क इथे नाही, मग आहे कुठे ते कुणालाच माहीत नाही. वॉरंट काढलंय, शोध सुरू आहे. नकाशा आता कोरा करकरीत, आणि तो माणूस मोकाट! पत्ता माझाच देणारा उद्या इकडे फिरकला तर? हे कोरीनला न सांगता गप्प बसलो असतो तर पोर येणारच होती. रात्रभर तळमळलो आणि सकाळी कोरीनला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, बाबा, हे नकाशाने नाही सांगितलं, तुम्ही सांगितलंत. टेसा येईल. पण तो सापडेपर्यंत मीही तिथेच राहीन, चालेल का?

चालेल का म्हणे! थेल्मा, घरात चादरी दोनच आहेत, मला पॅनकेकशिवाय काही येत नाही, आणि सूनबाई पहिल्यांदाच राहायला येतेय. तू येतेस की नाही, ते शनिवारच्या आत कळव गं, अगदी दोन ओळी तरी.

वाट पाहणारा,
ऑरिनदादा