गाडीतली मानाची जागा

जुमगाल, सप्टेंबरचा दुसरा आठवडा

आदरणीय टोलोगोनदादा,

धाकट्या भावाचा छातीवर हात ठेवून सलाम. तुमची तब्येत, वहिनींची पाठ, मेंढरं, करड्या घोडीचा खूर, सगळं ठीक आहे ना? (खूर ठीक नसेल तर उलट टपाली तेवढंच कळवा, माणसांचं मागाहून चालेल.) इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. मागच्या आठवड्यात हे वाक्य मला इतक्या खात्रीनं लिहिता आलं नसतं. एक विनंती आहे, हे पत्र गाडीत बसून वाचू नका. चष्मा लावा, घरी बसा आणि मग वाचा.

तुमचे गुडघे धरले म्हणून माझ्या बेकतुरच्या सोयरिकीला तुमच्याऐवजी मला जावं लागलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आज लिहून टाकतो. दादा, तुमच्या भावाला गाडी लागते. घोड्यावर मी तीन-तीन दिवस बसेन, पण मोटारीत अर्धा तास झाला की माझा रंग उतरलाच म्हणून समजा. साठ वर्षं मी हे लपवलं. बाजाराला घोड्यावरून गेलो, राजधानीला गेलोच नाही, आणि लोक म्हणाले, काय हा ओमुरझाक, जुन्या वळणाचा माणूस! आता मात्र मुलगी तलासची, मध्ये दोन खिंडी, सात तासांची वाट, आणि पोचल्यावर काय, तर व्याही स्वतःच्या हातानं मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज भरवणार. ते गिळलं की सोयरीक पक्की. नाही गिळलं, किंवा गिळलेलं वर आलं, तर सोयरीक मोडली असं तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मुलीकडचे हळूहळू भेटायचे बंद होतात. आणि आपला बेकतुर त्या मुलीसाठी चार वर्षं थांबला आहे. पोरगं आदल्या दिवशी मला एवढंच म्हणालं, "बाबा, नीट खाल ना?" मी म्हटलं, "तुझा बाप आहे मी, सबंध मेंढी खाईन." (बोलून गेलो खरा.)

आता निघताना काय झालं ते ऐका. रिकाम्या पोटी प्रवास नको म्हणून शेजारची पाच घरं वाटेत आडवी. प्रत्येक घरी भाकरीचा तुकडा मोडायचा, आणि भाकरीमागून घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वाडगा. नाही म्हणण्याची आपल्यात सोय नाही. आपली साल्किन (ती आत्या म्हणून बरोबर होती, आणि दवाखान्यातली नर्स म्हणूनही) दारात गोळी घेऊन उभी. "दादा, ही आत्ता घे. एकदा पोटात कालवायला लागलं की मग गोळीचा उपयोग नाही." तिला कसं कळलं होतं देव जाणे. मी म्हटलं, गोळ्या म्हाताऱ्यांना दे. मग गाडीत बसायची वेळ आली. वडीलधाऱ्यानं बसायचं कुठे? तंबूत आपली मानाची जागा कुठे असते? दारापासून सगळ्यात लांब, समोरच्या टोकाला. दारापाशी बसतात ते जावई आणि चहा ओतणाऱ्या पोरी. तेव्हा मी सरळ मिनीबसच्या शेवटच्या बाकावर गेलो, मागच्या चाकाच्याही मागे, आणि तीन उशा टेकून ऐटीत बसलो. कोणी अडवलं नाही. उलट सगळ्यांनी मान डोलावली.

पहिल्या खिंडीचं वर्णन करत नाही. मला ती दिसलीच नाही. मला दिसली ती समोरच्या बाकाची पाठ आणि नंतर एक पिशवी. तिसऱ्यांदा गाडी थांबवली तेव्हा मी रस्त्याकडेला गवतात आडवा पडलो आणि साल्किनला म्हटलं, मला इथेच ठेवा, बेकतुरला सांगा बाप चांगला होता. ती म्हणाली, "पुरे झाली नाटकं. ऊठ, लांब बघ, तोंडानं श्वास घे." मग माझ्या शेजारी गवतात बसून तिनं मला जे सांगितलं ते ऐकून, दादा, मी ओकायचाही विसरलो.

आपल्या कानात, आत खोल, तीन इवल्या नळ्या आहेत. वाकवलेल्या. त्यांत पाणी आहे. आपण हललो की ते पाणी हलतं आणि डोक्याला कळवतं की बाबा, आपण चाललो आहोत. इकडे डोळे समोरच्या बाकाची पाठ बघतात आणि कळवतात की छे, आपण तर जागच्या जागी आहोत. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. डोक्याला काही सुधरेनासं होतं, आणि मार खातं बिचारं पोट. घोड्यावर असं होत नाही, कारण तिथे आपण लांबवर बघतो, आणि वळण येण्याआधी आपलं अंग वळलेलं असतं. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही तीही त्याचमुळे. मी तिला तीनदा विचारलं, "माझ्याही कानात पाणी आहे?" "तुझ्याही." "आणि घोड्याच्या?" "त्याच्याही." मी किती वेळ कानावर हात ठेवून बसलो होतो कोण जाणे. साठ वर्षं मी त्या थेंबभर पाण्याच्या भरवशावर घोडा फेकला, आणि मला त्याचा पत्ता नाही! मला खरोखर भरून आलं. ज्यानं हे घडवलं त्यापुढे मी तिथेच हात पसरून दुवा मागितली. ड्रायव्हरला वाटलं मी शेवटची मागतो आहे.

मग तिनं मला पुढे बसायला सांगितलं, ड्रायव्हरशेजारी. म्हणजे दाराला चिकटून! मी म्हटलं, जावयाच्या जागेवर बसू? ती म्हणाली, "मागे मान आहे आणि पुढे रस्ता आहे. तुला काय हवं ते बघ." बसलो, दादा. काच उघडी, तोंडात खारट सुक्या दह्याची गोळी, नजर लांब डोंगरावर. आणि दुसरी खिंड मला दिसली. सगळी दिसली. वर ताजं बर्फ, खाली घोड्यांचे कळप, आणि रस्ता असा वर वर चढत गेलेला की माणसांनी हा केला असेल यावर माझा विश्वास बसेना. माझ्या पोटातून आवाज नाही! मी गाडीभर ओरडून सांगत होतो, बघा, वळण आलं, बघा, दुसरं आलं. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "काका, मलाही दिसतंय."

तलासला पोचलो. शेरमात व्याही दारात, मागे पन्नास माणसं. साल्किननं शिकवल्याप्रमाणे मी आधी त्यांचे घोडे बघायला मागितले आणि तासभर मोकळ्या हवेत पायी हिंडलो. व्याह्यांना वाटलं, केवढा दर्दी माणूस. मग चरबी आली, काळीज आलं, ते खाल्लं गेलं, सगळ्यांनी दुवा दिली आणि सोयरीक पक्की झाली. घरी येऊन सांगितलं तेव्हा बेकतुर रडला. वहिनींना ही आनंदाची बातमी सांगा.

तुमचा आज्ञाधारक,
ओमुरझाक

ता. क. वर 'खाल्लं गेलं' असं लिहिलं आहे. ते नीट वाचलंत ना? व्याह्यांचा हात तोंडाजवळ आला, चरबी बोटांवरून ओघळत होती, आणि मला सातही तास एकदम आठवले. माझं तोंडच उघडेना. पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्यात साल्किन पुढे सरकली आणि मोठ्यानं म्हणाली, "आमच्यात हे आत्या खाते." आणि खाल्लं, दादा, सगळं खाल्लं, वर बोटं पुसली. तिचा चेहरा इतका शांत होता की क्षणभर मलाही वाटलं, आपल्यात आत्याच खाते. कानातल्या पाण्यानंही मी एवढा थक्क झालो नव्हतो. या बहिणीला मी आजवर चहा ओतायला दारापाशी बसवत आलो.

ता. क. दुसरा. खरं काम हे. व्याही पुढच्या महिन्यात परतभेटीला येतील तेव्हा घरातले थोरले म्हणून तुम्हाला विचारतील. तुम्ही सांगायचं की सात पिढ्यांपासून आपल्यात आत्याच खाते. पोराच्या सुखासाठी एवढं खोटं बोला. तुम्ही हो म्हणालात असं मी इथे सगळ्यांना सांगून बसलो आहे.

थोरल्या दादांना साल्किनचा नमस्कार. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. तुम्ही खोटं बोलू नका. मी विहीणबाईंना त्याच संध्याकाळी खरं सांगितलं. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांनाही गाडी लागते, लग्नाला तीस वर्षं झाली, कधी खिंड ओलांडलेली नाही. परतभेटीला ते येतील, पण आपल्याकडची चरबी विहीणबाई खाणार आहेत.