नफीसचे रोजे

१ मार्च, शनिवार

चांद दिसला. उद्यापासून रोजे. माझी झोप उडाली आहे ती नफीसमुळे. हातगाडीवर पानिपतच्या चादरी विकण्यापासून आम्ही बरोबर. पहाडगंजचं पडद्यांचं दुकानही भागीदारीत. जानेवारीत त्याची बायपास झाली. डॉक्टरांनी बजावलंय — गोळ्या तीन वेळा, यंदा रोजा नाही. तो मान डोलावतो. पण शाहिदाभाभी फोनवर हळूच म्हणाली, "भाईसाब, सहरी का अलार्म लगा लिया है इन्होंने."

म्हणजे पहाटे खाऊन हा रोजा धरणारच! तडक त्याच्या घरी गेलो. म्हटलं, "तुझे रोजे मी धरतो." लेकीच्या, अवनीच्या वेळी बायको वासंती बाळंतीण होती, तिच्या चतुर्थ्या मीच केल्या होत्या. त्यात काय!

तो बघतच राहिला. "पूरे?"

"पूरे."

"अच्छा. रख ले."

२ मार्च

दुपारी दुकानात साबुदाण्याची खिचडी उघडली. नफीस छातीचे टाके धरून हसायला लागला. "अबे, ये भी नहीं चलता. पानी तक नहीं."

पाणीसुद्धा? आधी सांगायचं ना, यार. आजचा मोडला. पण ऑपरेशननंतर तो पहिल्यांदा हसला.

९ मार्च

घसा कोरडा. घासाघीस करायला अंगात जीव नाही, गिऱ्हाइकं खूश. नफीसला सांगून ठेवलंय — डबा माझ्यासमोर खायचा, गोळी माझ्यासमोर घ्यायची. निमूट घेतो. वासंती पहाटे चारला उठून पोहे करते. "लग्नात हे ठरलं नव्हतं," म्हणते आणि वाढते.

१४ मार्च, धुळवड

शेजारचे दुकानदार गुजिया घेऊन आले. मी हात जोडले. "दिनकरजी, आपका रोज़ा?"

आतून नफीस ओरडला, "मेरा है. रखता ये है."

पुरणपोळी सूर्य बुडाल्यावर खाल्ली. इतकी गोड कधी लागली नव्हती.

२० मार्च

नफीसचे रिपोर्ट उत्तम. देवाची कृपा. कुठल्या, ते त्यांनी आपसात ठरवावं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. वासंती कडुलिंबाचा प्रसाद पुढे करून म्हणाली, "एवढंसं तरी घ्या."

"नको. नफीसचा मोडेल."

तिनं चिमूटभर प्रसाद वाटीत झाकून ठेवला. संध्याकाळी गुढी उतरवली, गच्चीवर गेलो, तर चांद! खाली येऊन आधी कडुलिंब, मग श्रीखंड. किती दिलंस रे बाबा एका दिवसात.

३१ मार्च, ईद

शीरखुर्मा वाढताना भाभी म्हणाली, "भाईसाब, हमारे यहाँ किसी का रोज़ा कोई दूसरा नहीं रख सकता. इनको पहले दिन से पता था."

मी नफीसकडे पाहिलं. तो वाटीत बघत म्हणाला, "बता देता तो तू छोड़ देता. फिर मैं रख लेता."