दुसरा डोळा

भाऊजी,

एरवी ‘आदरणीय’ लिहिलं असतं; आज हात धजत नाही.

तुमच्या दादांची डाव्या डोळ्याची अर्धी नजर गेली. सकाळी उठले तर निम्म्या डोळ्यापुढे काळोख. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा कसा फिरवणार? दुकान बंद आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कुठल्या गोळ्या घेता?” हे म्हणाले, “छे, कसल्याच नाही.” मग मीच तोंड उघडलं, “घेतात. ती पुरुषांची गोळी. धाकटा भाऊ आणून देतो.” हे छताकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, “गोळीनेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पण पुन्हा घेऊ नका, दुसरा डोळाही जाईल.”

हे सगळं ऐकूनही काल तुम्ही नवं पाकीट घेऊन हजर! “वहिनी नाराज आहे, दादा,” म्हणे. मी कधी तक्रार केली? माझं वकीलपत्र तुम्हाला कोणी दिलं? तुम्ही स्वतः त्या गोळीशिवाय पांगळे आहात, हे जाऊबाई मला केव्हाच बोलल्यात.

तुम्ही गेल्यावर यांनी पाकीट माझ्या हातात ठेवलं. “फेकून दे,” म्हणाले, “मला वाटायचं, तू सोडून जाशील.” इतका संसार झाल्यावर! हे विष कानात कोणी ओतलं, ते विचारावं लागलं नाही.

पत्र पाठवणार नाही, कारण राग तुम्ही जाऊबाईंवरच काढाल. पण पुन्हा आलात तर पायरीवरच बसा. पाणी बाहेर आणून देईन.

नावापुरती तुमची,
वहिनी