एका मागावर दोन चादरी

ती. गणपतदादांना धाकट्या मनोहरचा दंडवत.

तुमचा गुडघा कसा आहे? मैनावहिनी पथ्य पाळतात ना? आमचे इकडे सर्व ठीक. (ठीक काहीच नाही, पण सुरुवातीला असेच लिहितात.) तीन वर्षांनी माझे अक्षर पाहून कोणी गेले की काय अशी धास्ती वाटेल, म्हणून आधीच सांगतो: गेली ती फक्त माझी अब्रू.

झाले असे. आमच्या मनीषनगरच्या सोसायटीमागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे वस्ती. तिथल्या बायका रोज आमच्या स्वयंपाकघरात येतात, पण त्यांचे घर आम्ही कोणी पाहिलेले नाही. ऋतुजा नावाची चित्रकार मुलगी एका संस्थेकडून आली. दोन्हीकडच्यांनी मिळून काही घडवा, म्हणाली, म्हणजे आपण कोण आणि ही भिंत कोणाची ते कळेल. सगळे गप्प. गप्प बसणे मला कधी जमले ते तुम्हीच सांगा. मी उठून जाहीर केले की आम्ही उमरेडचे कोष्टी, माग आमच्या रक्तात. एकाच मागावर एक चादर विणू, अर्धी इकडची, अर्धी तिकडची. (तीस वर्षे विमा कचेरीत फायली बांधल्या, हे सांगायचे राहून गेले.)

माग लागला. डावीकडे मी निळे सूत घेऊन, उजवीकडे वस्तीतल्या रंभाबाई लाल सूत घेऊन. आपापला धोटा मध्यापर्यंत न्यायचा आणि परत फिरायचे. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारले, "काहो भाऊ, मधात दोन्ही धागे एकमेकांत गुंतवा लागत नाही का?" मी हसून म्हणालो, "बाई, मलेच शिकवून राहिल्या का? आम्ही कोष्टी आहो." पुढे मधोमध फट दिसू लागली, तर मागावरून उतरली की बसते, असे ठोकून दिले.

काल सर्वांसमोर चादर उतरवली. एक टोक मी धरले, एक बाईंनी. माझ्या हातात निळी चादर आली, त्यांच्या हातात लाल. दोन महिने खपून आम्ही चोख वाटणी विणली होती! आमचा सेक्रेटरी जितेंद्र म्हणाला, "बरं झालं, ज्याची त्याले देऊन टाका." रंभाबाईंनी लाल चादरीची घडी करून ती माझ्या हातात ठेवली आणि त्या गेल्या. दादा, मला फार लाज वाटली.

लहानपणी करवती काठाचे लुगडे विणताना धोटे तुम्ही टाकायचे आणि शेजारी बसून काठाचा धागा अंगाच्या धाग्यात मी अडकवायचा. माझे काम तेवढेच, आणि नेमका तेव्हाच मी कंचे खेळायला पळायचो. बाबा ओरडत, "काहून उठला गा? काठ सुटला ना!" साठाव्या वर्षी पुन्हा सुटला.

आपला,
मनोहर

ता. क. ऋतुजाने नवे सूत लावले आहे. रंभाबाई पुन्हा बसायला तयार आहेत, पण "या टायमाले खरा कोष्टी आणा" ही त्यांची अट. रविवारी याल का? शेजारी मी बसेन. उठणार नाही. (गुडघे आता उठूही देत नाहीत.)

दुसरा ता. क. उमरेडच्या अंगणातली भिंत वाटणीच्या वेळी माझ्या हट्टाने झाली. निदान एक दार ठेव, असे तुम्ही म्हणाला होतात. मी ठेवले नाही. आता दाराएवढी भिंत पाडा. चौकट मी आणतो. दार कोणाच्या बाजूला उघडायचे, त्यावर समोरासमोर भांडू.